एमजीबीचं इंजिन बांधण्याआधी

साठी उलटलेल्या एखाद्या मराठी मिस्त्रीसमोर एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारचं बॉनेट उघडलं, तर गाडी त्याला परकी वाटेल, इंजिन वाटणार नाही. एका बाजूला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दाटीवाटीने बसलेले, दुसऱ्या बाजूला प्लग आणि डिस्ट्रिब्युटर, वर पत्र्याचं रॉकर कव्हर. ही मांडणी त्याने अँबॅसॅडरमध्ये आयुष्यभर हाताळलेली असते. आणि ही ओळख नुसती चेहऱ्यामोहऱ्याची नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन 1489 सीसीच्या रूपात उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये अँबॅसॅडरला बसलं, आणि त्याच 1489 सीसीच्या रूपात 1955 साली एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्येही बसलं होतं. 1962 साली एमजीए जाऊन एमजीबी आली, तेव्हा तेच इंजिन 1798 सीसीपर्यंत वाढवलेलं होतं. कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या गाडीतलं इंजिन आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन कारखान्यातून बाहेर पडलेल्या उघड्या टपाच्या दोन सीटरमधलं इंजिन, दोघं एकाच घराण्यातली भावंडं.

हे पुस्तक त्यातल्या धाकट्याबद्दल आहे : एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन खोलून, त्याची ताकद वाढवून पुन्हा कसं बांधायचं, याबद्दल. भारतात या गाड्या मोजक्या हौशी लोकांकडेच आहेत, हे मला माहीत आहे. पण ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी इंजिनियर मंडळींना जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची हुक्की येते तेव्हा खिशाला परवडणाऱ्यांत एमजीबी वरच्या नंबरात असते. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेला गेला. सुटे भाग अजून मिळतात. इतकंच काय, 1988पासून तिची नवी कोरी बॉडीसुद्धा विकत मिळू लागली. अडतं ते इंजिनापाशी. भाग मिळतात आणि तेही भरमसाट मिळतात, म्हणूनच अडतं. कॅटलॉग उघडला की दहा प्रकारचे कॅमशाफ्ट, चार प्रकारचे कार्ब्युरेटर, तीन मापांचे पिस्टन. प्रत्येकासमोर वाढीव हॉर्सपॉवरचा आकडा. माणूस ते आकडे मनातल्या मनात बेरजेला धरतो आणि सगळंच मागवतो.

इंजिनात अशी बेरीज होत नाही. माझं सगळं म्हणणं याभोवती आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो : या इंजिनाचा जो मूळ स्वभाव आहे त्याच दिशेने त्याला न्या. त्याला दुसरंच काही बनवायला गेलात की पैसाही जातो आणि इंजिनही.

मूळ स्वभाव म्हणजे काय, ते त्याच्या कुळकथेत आहे. ऑस्टिनने 1947 साली ए-40 गाडीसाठी 1200 सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन काढलं. 1952 साली ऑस्टिन आणि मॉरिसवाल्यांचा नफील्ड समूह एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, आणि त्या 1200च्या धर्तीवर बी-सिरीज उभं राहिलं. पुढे 1489, 1588, 1622, 1798 अशी क्षमता वाढत गेली. पण पिस्टनची वरखाली होण्याची धाव, म्हणजे स्ट्रोक, 88.9 मिलिमीटरवरून हलला नाही. वाढला तो बोअर. 1489मध्ये तो साधारण 73 मिलिमीटर होता, 1798मध्ये 80.26 झाला. एवढं करूनही स्ट्रोक बोअरपेक्षा मोठाच राहिला. लांब स्ट्रोकचं, बिडाचं, वजनदार, कुटुंबाच्या गाडीसाठी आखलेलं हे इंजिन. कारखान्याने मिनिटाला 5400 फेऱ्यांना 95 हॉर्सपॉवर जाहीर केली होती. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा : सगळ्यात जास्त टॉर्क 3000 फेऱ्यांनाच मिळतो. चौथ्या गिअरमध्ये, फारसं न ओरडता, चढावर गाडी खेचून नेणं हे याचं खरं काम.

आता समजा कोणी ठरवलं की आपण हे 7000 फेऱ्यांपर्यंत नेऊ. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 5500 ऐवजी 6500 फेऱ्या केल्या तर फेऱ्या वाढतात 18 टक्के, ताण वाढतो जवळजवळ 40 टक्के. 88.9 मिलिमीटर स्ट्रोकमुळे 6500 फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 19 मीटरच्या पुढे जातो. सुरुवातीच्या एमजीबीत क्रँकला तीनच मेन बेअरिंग होती. 1964च्या अखेरीस पाच झाली. पाच बेअरिंगवाला ब्लॉक भक्कम आहे, यात वाद नाही. पण क्रँकने तग धरला म्हणून फायदा झाला असं होत नाही, कारण तोवर हेडने केव्हाच हात टेकलेले असतात.

घोडं पेंड खातं ते हेडमध्ये. तिथे थोडं रेंगाळायला हवं.

बी-सिरीजमध्ये कॅमशाफ्ट ब्लॉकच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूने पुशरॉड वर हेडमधून जातात, आणि त्याच बाजूला हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे सगळे पोर्टही आहेत. एवढ्या गर्दीत चार सिलिंडरांना आठ स्वतंत्र पोर्ट मावणार कसे? मग आखणाऱ्यांनी जोड्या लावल्या. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक इनलेट, तिसऱ्या-चौथ्याला मिळून एक. एक्झॉस्ट तीन : पहिल्याचा वेगळा, चौथ्याचा वेगळा, मधल्या दोघांचा एकत्र. असे एकूण पाच पोर्ट.

मधल्या दोघांचा एक्झॉस्ट एकत्र असल्याने धुराच्या वाटेत अडचण येत नाही, कारण त्यांचे बार क्रँकच्या पूर्ण एका फेरीच्या अंतराने उडतात. तिथे प्रश्न उष्णतेचा आहे. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी शेजारी तापतात आणि त्यांच्या सीटांमधल्या चिंचोळ्या पट्टीत हेडला तडा जातो. जुनं हेड विकत घेताना पहिली नजर तिथे टाकायची. काजळी नीट साफ केल्याशिवाय तो तडा दिसत नाही, आणि विकणारा ती साफ करून देत नाही.

इनलेटची गोष्ट मात्र वेगळी. फायरिंग ऑर्डर आहे 1-3-4-2. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरनंतर लगेच, अर्ध्या फेरीने, पहिला हवा ओढतो. मग दीड फेरी त्या पोर्टमध्ये शुकशुकाट. तिसऱ्या-चौथ्याचं तेच. मूळ कॅमशाफ्टवर इनलेट व्हॉल्व्ह क्रँकचे 252 अंश उघडा असतो. त्यातून अर्ध्या फेरीचे 180 वजा केले तर 72 अंश असे उरतात की शेजारचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे आहेत. दुसऱ्याचा पिस्टन तळाला जाऊन परत फिरलेला असतो, आतली हवा केवळ आपल्या वेगाच्या जोरावर शिरत असते, आणि नेमक्या त्या वेळी पहिला ओढायला लागतो. शेजाऱ्याच्या ताटातला घास पळवल्यासारखं होतं. आता कॅटलॉगमधला 285 अंशांचा शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवा. दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ 72 वरून 105 अंशांवर जातो. चार स्वतंत्र पोर्टांच्या इंजिनात जो कॅमशाफ्ट वरदान ठरतो, तोच इथे भांडणं लावतो. म्हणून काही कॅमशाफ्ट बनवणारे आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना किंचित वेगवेगळं टायमिंग देतात. पण रस्त्यावरच्या गाडीसाठी माझा सल्ला साधा आहे : 270च्या आसपासचा, मवाळ कॅमशाफ्ट घ्या आणि उरलेला पैसा हेडवर घाला.

हे हेड आखणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे; ठेवली जातातही. पण त्यात हात होता हॅरी वेस्लेकचा. हवा पोर्टमधून कशी वळते, कुठे अडखळते, हे त्या काळी त्याच्याइतकं जाणणारे फार नव्हते. डॅन गर्नीने 1967 साली बेल्जियमची ग्राँ प्री ज्या व्ही-12 इंजिनावर जिंकली, त्यालाही वेस्लेकचंच नाव आहे. बी-सिरीजमध्ये त्याने ज्वलनाची जागा बदामाच्या आकाराची केली आणि दोन व्हॉल्व्हच्या मधोमध धातूचं एक टोक पुढे आणलं, म्हणजे आत येणारी हवा भोवऱ्यासारखी फिरावी आणि साध्या पेट्रोलवर, कमी फेऱ्यांना नीट जळावी. कुटुंबाच्या गाडीसाठी तो सौदा चोख होता. आपल्याला जास्त हवा हवी, तर ते टोक थोडं मागे घासायचं, व्हॉल्व्हच्या कडेची अडगळ मोकळी करायची, पोर्टमधली ओतकामाची खडबड काढायची आणि सीटच्या खालचा गळा गोलाईत आणायचा. थोडं, हा शब्द मी मुद्दाम वापरला. पोर्ट भसाभस मोठे करणारे कारागीर भेटतात. मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग मंदावतो आणि 3000 फेऱ्यांचा तो टॉर्क, ज्यासाठी ही गाडी घ्यायची, तोच जातो.

हेडचं काम झालं की मोजमाप. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि नेमका हाच बहुतेक जण टाळतात. हेड उलटं करून लेव्हलमध्ये ठेवायचं, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवलेले. खळग्याच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवायचा आणि त्यावर भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा दाबून बसवायचा. मग शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसल्या ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल सोडत राहायचं. शेवटी एक बुडबुडा कोपऱ्यात अडून राहतो. हेड जरासं तिरकं केलं की तो भोकाकडे सरकतो. तो निघून गेला की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. चारही खळग्यांचे आकडे सारखे येईपर्यंत घासणं आणि मोजणं चालू. ब्लॉक 0.060 इंच ओव्हरसाइज बोअर केला असेल, तर एकूण क्षमता 1868 सीसी होते, म्हणजे एका सिलिंडरला 467. त्यावर 9.5 कॉम्प्रेशन हवं असेल तर पिस्टन वर आल्यावर सुमारे 55 सीसी जागा उरली पाहिजे. 10 हवं असेल तर 52. यात हेडचा खळगा, गॅसकेटची जाडी, पिस्टनच्या माथ्यावरची वाटी आणि पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून जितका खाली थांबतो ती फट, सगळं आलं. शांत चालणारं इंजिन आणि उन्हाळ्यात घाटात ठोकणारं इंजिन यांच्यात या हिशेबाने फक्त 3 सीसी रॉकेलचा फरक आहे.

कॉम्प्रेशनच्या बाबतीत हात आखडता घ्या असं मी सांगतो, त्याला इतिहासाचा आधार आहे. 1958 साली खुद्द एमजीने याच ब्लॉकवर दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचं ॲल्युमिनियम हेड चढवून एमजीए ट्विन कॅम काढली. 1588 सीसी, 108 हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन 9.9. कागदावर स्वप्नवत. रस्त्यावर मात्र पिस्टनना भोकं पडू लागली. टायमिंगला दोष दिला गेला, पेट्रोलला दिला गेला, कॉम्प्रेशन 8.3पर्यंत उतरवलं गेलं, पण तोवर नाव खराब झालं होतं. 1960 साली उत्पादन थांबलं तेव्हा जेमतेम 2,111 गाड्या बनल्या होत्या. पुष्कळ उशिरा कारण लक्षात आलं ते असं की ठरावीक फेऱ्यांना कार्ब्युरेटर थरथरत, मिश्रणात पेट्रोल कमी पडे आणि त्या पातळ मिश्रणावर पिस्टन वितळत. एवढ्या महागड्या हेडचा घात कार्ब्युरेटरच्या थरथरीने केला.

आणि तरीही हे इंजिन लेचंपेचं नाही. 1957 साली अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर स्टर्लिंग मॉसने ईएक्स-181 ही पाण्याच्या थेंबाच्या आकाराची एमजी ताशी 245 मैलांवर पळवली, ती याच बी-सिरीजच्या पायावरच्या, सुपरचार्जर लावलेल्या 1489 सीसीच्या इंजिनावर. अँबॅसॅडरच्या मालकांनी हे वाक्य हवं तर दोनदा वाचावं. पण एमजीबीच्या इंजिनाचं खरं पाणी जोखलं गेलं ते लांब पल्ल्यात. 1963च्या 24 तासांच्या ल माँ शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि ॲलन हचेसन यांची एमजीबी सुरुवातीलाच वाळूत रुतली. ती उकरून काढण्यात तासाभराहून जास्त गेला, आणि तरी त्यांनी आपल्या गटात पहिला नंबर काढला. 1966 साली न्युर्बुर्गरिंगवर 84 तास चाललेली माराथाँ द ला रूत शर्यत अँड्र्यू हेजेस आणि ज्युलियाँ व्हेर्नेव्ह यांनी एमजीबीतूनच जिंकली. दमसास हा या इंजिनाचा गुण. त्यात भर घालायची.

खालच्या अर्ध्या भागाबद्दल पुस्तकात तीन प्रकरणं आहेत, इथे थोडक्यात आटपतो. बोअरिंग आणि होनिंग चांगल्या मशीन शॉपमध्येच करा आणि पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढवू देऊ नका. क्रँक, रॉड, पिस्टन, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स करून घ्या. हॉर्सपॉवरच्या जाहिरातीत बॅलन्सिंगचा आकडा नसतो, पण गाडी चालवताना सगळ्यात आधी तेच जाणवतं. लायनर घालून 1950 सीसीपर्यंत जाण्याची सोय आहे. ब्लॉक उत्तम असेल आणि खिसा खोल असेल तरच.

कार्ब्युरेटरबाबत माझं मत काहींना रुचणार नाही. जुळे एसयू काढून तिथे वेबर 45 बसवायची फॅशन आहे. वेबर दिसतो देखणा, आवाजही झकास करतो. पण पाच पोर्टांच्या, मवाळ कॅमशाफ्टच्या इंजिनाला तो बरेचदा नाकापेक्षा मोती जड ठरतो. एसयूची करामत त्याच्या साधेपणात आहे. इंजिन जितकी हवा मागेल तितका आतला पिस्टन वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून तितकीच वर येते आणि तितकंच पेट्रोल सुटतं. इंजिन बदललं की सुई बदलायची, बस्स. (हा कार्ब्युरेटर काढणारे स्किनर बंधू बुटांच्या व्यापारातल्या घराण्यातले, त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरात पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता.)

सुईचा विषय निघाला म्हणून पेट्रोलचं सांगतो. भारतात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ब्रिटनमध्ये 2021पासून 10 टक्क्यांचं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या सुईवर मिश्रण पातळ पडतं. ट्विन कॅमच्या पिस्टनांचं काय झालं ते वर आलंच आहे. शिवाय जुने रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलने मऊ पडून चिरतात. सगळे बदला, टाकीपासून फ्लोट चेंबरपर्यंत. शिसं पेट्रोलमधून 2000 सालीच गेलं, तेव्हा एक्झॉस्टला कडक सीट बसवलेल्या नसतील तर त्या आता बसवून घ्या.

इंजिनच बदलून टाकावं, हाही एक मार्ग आहे आणि तो मी कमी लेखत नाही. केन कॉस्टेलोने 1970च्या सुमारास एमजीबीत रोव्हरचं ॲल्युमिनियमचं व्ही-8 बसवून दाखवलं. आठ सिलिंडरांचं असूनही ते वजनाला बिडाच्या चार सिलिंडरांच्या जवळपास भरतं. 1973 साली खुद्द कारखान्याने तशी गाडी काढली. उत्तम गाडी. मात्र ते दुसऱ्या कोणीतरी लिहायचं पुस्तक आहे.

भारतातल्या वाचकांना एक कोरडी सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019च्या निकालात ते ठासून सांगितलं आहे. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला पाहिजे. दुसरा ब्लॉक घ्यायचा असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा, मग पैसे मोजा.

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना त्याला आयडलिंगवर सोडायचं नसतं. नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट एकमेकांवर बसेपर्यंत 2000 ते 2500 फेऱ्यांवर वीसेक मिनिटं चालवावं लागतं, आणि तेही जस्ताचं प्रमाण पुरेसं असलेल्या ऑइलवर. आजच्या गाड्यांसाठीच्या बऱ्याच ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. हे सगळं शेवटच्या प्रकरणात सविस्तर आहे. पण तिथवर पोचायच्या कितीतरी आधी, एक नटही ढिला न करता, एक काम करा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजा. मग प्रत्येकात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदमच पडलेले असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅसकेट. आठही आकडे तारीख घालून वहीत लिहा. पहिलं प्रकरण त्या आकड्यांपासून सुरू होतं.